प्रयोजन : फिरणे

तीनचाकी सायकलींच्या वाटपाचे छायाचित्र मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने आयुष्यात निदान शंभर वेळा पाहिलेले असते. मांडव घातलेला असतो, नव्याकोऱ्या सायकली रांगेत उभ्या असतात, हँडलला झेंडूची माळ असते. पाहुणे मधोमध हसत उभे असतात आणि सायकलीवर बसलेला माणूस कॅमेऱ्याकडे पाहावे की पाहुण्यांकडे, अशा संभ्रमात असतो. खाली ओळ ठरलेली. आता ह्या बांधवांना शाळेत जाता येईल, कामावर जाता येईल, स्वतःच्या पायावर उभे राहता येईल, असे काहीतरी.

ह्यात थट्टा करण्याजोगे काही नाही. देशात अशा सायकली बनवणारे कानपूरचे सरकारी महामंडळ १९७२ साली स्थापन झाले आणि गरजूंना साधने देण्याची केंद्राची योजना १९८१ पासून चालू आहे. ह्या सायकलींमुळे लाखो घरांतली माणसे खाटेवरून उठून दाराबाहेर आली. हे काम लहान नव्हे.

पण त्या छायाचित्राखालची ओळ मी नेहमी नीट वाचतो. शाळा असते, काम असते, दवाखाना असतो. आता ह्या मंडळींना संध्याकाळी उगाच हिंडून येता येईल, असे कोणी कधी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. तुम्हीआम्ही सायकल शिकलो ती काही शाळेत जायला नव्हे. तासाने भाड्याची सायकल आणून गावाबाहेरच्या उतारावरून वाऱ्यासारखे सुटायला शिकलो. शाळेचे निमित्त नंतर जोडले. अपंग माणसाच्या बाबतीत मात्र आपण गरज तेवढी मंजूर करतो आणि हौस परत पाठवतो.

'मंजूर' हा शब्द सहज आला, कारण आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे बँकेत गेली. ह्याच शब्दापायी झालेली एक गंमत सांगतो.

१९८६-८७ चा सुमार असेल. मी एका तालुक्याच्या गावी शाखेत छोटी कर्जे पाहत होतो. तेव्हा 'चार टक्क्यांची योजना' जोरात होती. १९७२ साली सुरू झालेली ही योजना अगदी दुर्बल माणसाला चार टक्के व्याजाने धंद्यापुरते कर्ज देई, आणि अपंगांचा तीत खास उल्लेख होता. गावात एस. टी. स्टँडच्या वाटेवर घड्याळ दुरुस्तीची एक टपरी होती. टपरीत बसत ते अण्णा. वय पस्तिशीचे, दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेलेले, दंड मात्र पैलवानासारखे. डोळ्याला भिंग लावून ते घड्याळाच्या पोटात बघू लागले की गिऱ्हाईक आपोआप आवाज खाली आणी.

अण्णांना तीनचाकी सायकल घ्यायची होती. मी अर्ज भरायला घेतला. 'कर्जाचे प्रयोजन' ह्या रकान्याशी आलो तेव्हा अण्णा म्हणाले, ''लिहा, फिरायला.''

''अण्णा, असं लिहून चालत नाही. दुकानात जाण्यायेण्यासाठी, असं लिहू या.''

''घर टपरीच्या मागंच आहे की साहेब. खोटं कशाला लिहायचं?''

''मग फिरणार कुठे?''

''नदीच्या पुलापर्यंत. सगळं गाव संध्याकाळी तिकडं जातं. मी आजवर गेलो तो कुणाच्या तरी पाठुंगळीला. आता माझा मी जाईन म्हणतो.''

मी त्यांच्याच शब्दांत लिहिले आणि अर्ज शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. तो संध्याकाळी परत आला तेव्हा त्यावर लाल शाईने शेरा होता, 'प्रयोजन उत्पादक नाही.' शेरा नियमाला धरूनच होता. हाताला धंदा असेल तर त्या धंद्याच्या कर्जाला जोडून अपंगासाठीचे साधन घेता येई. नुसत्या फिरण्याला योजनेत जागा नव्हती. मग हत्यारे आणि घड्याळांचे सुटे भाग, त्याला जोडून तीनचाकी, असे प्रकरण नव्याने मांडले आणि ते मंजूर झाले. अण्णांनी हप्ते वेळेवर फेडले आणि रोज संध्याकाळी टपरी बंद करून ते पुलावर जात राहिले. जाताना चढ होता, घामाघूम होत. येताना उतार. त्या उतारावर अण्णा हात सोडून, छाती पुढे काढून येत आणि रस्त्यातल्या पोरांना ओरडून बाजूला करीत. तो चेहरा पाहिला की तो शेरा किती अपुरा होता ते कळे.

घड्याळजी आणि तीनचाकी ही जोडी तशी फार जुनी आहे, हे मला पुष्कळ नंतर वाचनात आले. जर्मनीत न्युरेंबर्गजवळ आल्टडॉर्फ नावाचे गाव आहे. तेथे श्टेफान फार्फलर नावाचा घड्याळजी राहत असे. त्याचे पाय निकामी होते. १६५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीन चाकांची एक गाडी बनवली. पुढच्या चाकाला दातेरी चक्रे जोडली, त्यांना हाताने फिरवायची मूठ लावली आणि तो स्वतःच्या बळावर हिंडू लागला. घड्याळातली चक्रे एकमेकांना कशी फिरवतात हे ज्याला रोज दिसत होते, त्याला ही युक्ती सुचावी ह्यात नवल नाही.

आता दुसरे साल ध्यानात घ्या. आपण ज्या दोनचाकी सायकलीला सायकल म्हणतो, तिचा मूळपुरुष म्हणजे कार्ल ड्राइसचे लाकडी धावयंत्र. ते १८१७ सालचे, आणि त्याला पायटेसुद्धा नव्हते, जमिनीला पाय मारीतच ते पुढे न्यावे लागे. म्हणजे हाताने चालणारी गाडी पायाने चालणाऱ्या सायकलीपेक्षा दीडशेहून अधिक वर्षांनी थोरली! धडधाकटांचे वाहन आधी झाले आणि मागाहून दया येऊन त्याची अपंगांसाठी नक्कल केली, असा आपला समज असतो. इतिहास नेमका उलटा आहे.

पुढे पहिल्या महायुद्धात पाय गमावलेले हजारो सैनिक युरोपात घरी परतले आणि हाताने चालवायच्या तीनचाक्या तेथल्या रस्त्यांवर नेहमीच्या झाल्या. आपल्याकडेही त्याच युद्धातल्या जायबंदी हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि नंतर ती पुण्याजवळ खडकीला आली. हात शाबूत असलेल्या माणसाला पुन्हा कामाला लावणे हा तेव्हाचा विचार होता, आणि त्या काळाच्या मानाने तो मोठाच होता.

ह्या हाताच्या चाकांमागचे शरीरशास्त्र थोडे समजून घेण्यासारखे आहे. व्हीलचेअरच्या मोठ्या चाकाला बाहेरून एक गोल कडी असते. ती पकडायची, पुढे ढकलायची, सोडायची, हात मागे आणायचा, पुन्हा पकडायची. दर वेळी थोडाच वेळ जोर लागतो आणि बाकीचा वेळ हात रिकामा परत येतो. दिवसभरात असे शेकडो, हजारो झटके खांद्याला बसतात. खांदा हा उखळीचा सांधा. निसर्गाने तो चहूकडे वळण्यासाठी केला आहे, अंगाचा भार वाहण्यासाठी नव्हे. भार वाहायला कंबर आणि मांड्या आहेत. पाय गेले की ते सगळे ओझे ह्या नाजूक सांध्यावर येते. म्हणूनच वर्षानुवर्षे व्हीलचेअर वापरणाऱ्यांमध्ये खांदेदुखी इतकी आढळते. आणि ज्याचे हात हेच पाय झाले, त्याचा खांदा गेला की त्याचे चालणेच गेले.

हाताच्या पायट्याची गोष्ट वेगळी. तेथे मूठ सोडावी लागत नाही. पुढे ढकलतानाही जोर लागतो आणि मागे ओढतानाही. छाती, पाठ, दंड हे स्नायू आळीपाळीने काम वाटून घेतात. तेवढ्याच श्रमात कडी ढकलण्यापेक्षा पुष्कळ लांब जाता येते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. त्यात गिअर असले की चढावरही खांद्याला झटका बसत नाही.

आधुनिक हातसायकलीचे एक वैशिष्ट्य आपल्या डोळ्यांना चमत्कारिक वाटते. पायाच्या सायकलीचे पायटे समोरासमोर उलटे असतात, एक वर तर दुसरा खाली. हातसायकलीच्या दोन्ही मुठी मात्र बरोबरीने फिरतात, रहाटाला दोन्ही हातांनी एकदम ओढावे तशा. कारण साधे आहे. त्याच मुठींनी सायकल वळवायचीही असते. हात उलटसुलट फिरले तर पुढचे चाक डावीउजवीकडे डुलत राहील. दोन्ही हात बरोबर फिरले की चाक सरळ राहते आणि ज्याच्या धडात ताकद आहे त्याला धडाचाही जोर लावता येतो.

ह्या सायकलीचे ढोबळ मानाने तीन प्रकार. पहिला रोजच्या व्हीलचेअरला पुढून अडकवायचा. एक चाक आणि त्यावर मुठी, जोडले की सायकल, काढले की खुर्ची. बाजारहाट, शेजारीपाजारी, बागेत जायला हा उत्तम. दुसरा जवळजवळ आडवे पडून चालवायचा. त्याला वारा कमी लागतो आणि वेग पुष्कळ. तिसरा गुडघ्यांवर किंवा मांडीच्या उरलेल्या भागावर बसून, कंबरेतून वाकून जोर लावायचा. ज्यांच्या कंबरेचे नि पोटाचे स्नायू शाबूत आहेत त्यांच्यासाठी हा. ज्यांच्या बोटांत पकड नाही त्यांचे हात खास मुठींना पट्ट्यांनी बांधतात. मान मोडून चारी हातपाय अधू झालेली माणसेसुद्धा, दंडात थोडे बळ उरले असेल तर, अशी सायकल चालवतात.

आपली वाटपातली तीनचाकी ह्याच कुळातली, पण गरीब शाखेतली. मजबूत, दुरुस्तीला सोपी, खेड्यातल्या सायकलवाल्यालाही पंक्चर काढता येईल अशी. हे तिचे गुण. पण ती जड, बहुधा बिनगिअरची, आणि सगळ्यांना एकाच मापाची. पाच फुटी बाईला आणि सहा फुटी गड्याला एकच. चपलेसुद्धा आपण नंबर बघून घेतो!

औषध म्हणून सुरू झालेली हालचाल खेळ कधी झाली, त्याचीही एक तारीख सांगता येते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणका मोडलेला माणूस फार दिवस जगत नसे. अंथरुणातल्या जखमा आणि मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग त्याला नेई. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. ते हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेले ज्यू डॉक्टर होते. रुग्णाला वेळोवेळी कुशीवर वळवायचे, जखम होऊ द्यायची नाही आणि त्याला कामाला व खेळाला लावायचे, हा त्यांचा खाक्या. २९ जुलै १९४८ ला लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले, त्याच दिवशी गुटमान यांनी आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच १९६० साली रोमला पहिले पॅरालिंपिक उभे राहिले.

ह्या साखळीतला एक दुवा आपला आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि बॉक्सिंग खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. पोहणे हा त्यांच्या उपचाराचा भाग होता. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले, आणि भारताचे पॅरालिंपिकमधले ते पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडले. 'खेळ म्हणून' केलेल्या गोष्टीची नोंद घ्यायला आपल्याला छेचाळीस वर्षे लागली. तेच उपचार म्हणून असते तर कदाचित डॉक्टरांच्या फायलीत लगेच नोंदले गेले असते.

हातसायकल पॅरालिंपिकमध्ये आली ती २००४ साली, अथेन्सला. आज तिच्या एच-१ ते एच-५ अशा पाच श्रेणी आहेत. एच-१ मध्ये अपंगत्व सर्वांत अधिक, एच-५ मध्ये सर्वांत कमी. मान मोडलेला माणूस आणि फक्त पाय नसलेला माणूस ह्यांची शर्यत लावणे न्यायाचे नाही, म्हणून ही व्यवस्था.

ह्या खेळाचे नाव जगभर पोहोचवले ते आलेक्स झानार्दी ह्या इटालियनाने. तो मूळचा मोटार शर्यतींतला मोठा चालक. १५ सप्टेंबर २००१ ला जर्मनीतल्या लाउझिट्झ येथील शर्यतीत त्याच्या गाडीला दुसरी गाडी धडकली आणि त्याचे दोन्ही पाय गेले. पुढे तो हातसायकलीकडे वळला. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने ब्रँड्स हॅचच्या मोटार धावपट्टीवर १६ किलोमीटरचे अंतर पंचवीस मिनिटांच्या आत कापून सुवर्णपदक घेतले. हिशेब केला तर ताशी अडतीस किलोमीटरच्या वर वेग येतो. आपल्या शहरातल्या रस्त्यांवर मोटारीला तो सरासरीने साधत नाही. लंडन आणि रिओ मिळून त्याने चार सुवर्णपदके मिळवली. त्याच्या आयुष्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जून २०२० मध्ये टस्कनीत हातसायकल चालवत असतानाच त्याची ट्रकशी धडक झाली आणि डोक्याला अतिशय गंभीर इजा झाली. जमिनीलगत बसून चालवायचे हे वाहन रस्त्यावर किती असुरक्षित असू शकते, ते विसरून चालणार नाही.

स्त्रियांतले नाव सांगायचे तर ओक्साना मास्टर्सचे. युक्रेनमध्ये जन्मतःच व्यंग घेऊन आलेली, अनाथालयात वाढलेली आणि अमेरिकेतल्या एका बाईंनी दत्तक घेतलेली ही मुलगी. दोन्ही पाय काढावे लागले. तिने नौकानयनात, बर्फावरच्या खेळांत आणि हातसायकलीत पदके मिळवली. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ठिकाणी हातसायकलीची दोन-दोन सुवर्णपदके तिच्या नावावर आहेत.

पण मला स्वतःला ह्या विजेत्यांपेक्षा अधिक जवळची वाटते ती ऑस्ट्रियातल्या काउनरटाल खोऱ्यातली एक वार्षिक मोहीम. २०१३ पासून नेदरलँड्समधली पुनर्वसन रुग्णालये आपापले संघ घेऊन तेथे येतात. ह्या संघांत खेळाडू नसतात. रुग्णालयातून घरी गेलेले साधे रुग्ण असतात. कुणाचा मणका मोडलेला, कुणाचा पाय कापलेला. वैद्यकीय तपासणी होते, चार-पाच महिने सराव होतो आणि मग ते सगळे आल्प्सच्या घाटात सुमारे वीस किलोमीटरचा चढ हातसायकलीने चढतात. उंचीतला फरक साडेआठशे मीटरहून अधिक. आपल्याकडच्या मापाने सांगायचे तर वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठायची, त्याच्या जवळजवळ दीडपट चढ, आणि तोही हातांनी. नेदरलँड्स हा तळहातासारखा सपाट देश. तेथे सराव करून माणसे डोंगर चढायला जातात!

डच डॉक्टरांनी त्यावर अभ्यासही केले. पण ह्या उपक्रमात मला दिसते ते असे, की तेथे उपचार, करमणूक आणि खेळ ह्यांच्यामध्ये भिंती नाहीत. डॉक्टरने लिहून दिलेला व्यायाम, मित्रांबरोबरची सहल आणि जिद्द, तिन्ही एकाच सायकलीवर बसतात. कोणी विचारीत नाही की ह्याचे उत्पादक प्रयोजन काय. आणि गंमत अशी की ज्याचे उत्पादक प्रयोजन विचारले नाही, त्यातूनच हृदय, फुप्फुसे, रक्तदाब, झोप, भूक, सगळ्यांना फायदा होतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाचा मोठा शत्रू म्हणजे बैठेपण. त्यातून वजन वाढते, मधुमेह येतो, हृदयविकार येतो. 'व्यायाम करा' असे सांगून ह्यांतले काही टळत नाही. माणूस फिरायला बाहेर पडला तर टळते.

आता आपल्याकडे पाहू. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला आढळला आणि २७ मार्च २०१४ ला आपल्या भागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे अण्णांसारखी मुले आता जन्माला येणार नाहीत. ह्याहून आनंदाची गोष्ट नाही. पण तीनचाकीची गरज संपली का? नाही. तिच्यावर बसणारा माणूस बदलला. २०२२ ह्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. जखमी झालेल्यांची संख्या तर सव्वाचार लाखांच्याही पुढे होती. त्यातल्या कित्येकांचे मणके मोडलेले असतात, पाय गेलेले असतात. बांधकामावरून, झाडावरून पडणारे वेगळेच. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यांत चालण्याफिरण्याचे अपंगत्व असलेले सुमारे ५४ लाख. महाराष्ट्रातले सर्व प्रकारचे अपंग साडेएकोणतीस लाखांहून अधिक.

हे नवे लोक पोलिओच्या मुलांसारखे बालपणापासून सरावलेले नाहीत. ते काल-परवापर्यंत मोटारसायकल पळवत होते, गड चढत होते. माझ्या एका मित्राचा मुलगा त्यांतलाच. सत्ताविसाव्या वर्षी महामार्गावर दुचाकी घसरली, कमरेखालची संवेदना गेली. पहिले वर्ष त्याने भिंतीकडे तोंड करून काढले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी टेबलावर हाताने फिरवायचे पायटे ठेवले, ते तो चिडून फिरवी. पुढे व्हीलचेअरला अडकवायचे हातचाक मिळाले. पहिल्यांदा बाहेर जाऊन आला त्या दिवशी मी तिथे होतो. घामाने शर्ट भिजला होता. आईने काळजीने विचारले, ''दमलास का रे?'' तो म्हणाला, ''दमलो. आई, किती दिवसांनी दमलो गं!'' दोन वर्षे तो नुसता कंटाळत होता. दमणे आणि कंटाळणे ह्यांतला फरक त्या घरात सगळ्यांना एकदमच कळला.

आता तो आठवड्यातून चार दिवस पहाटे साडेपाचला निघतो. वडील मागून स्कूटरवर असतात. चाकाला एक लांब काठी बांधली आहे आणि तिच्या टोकाला केशरी फडके. कारण बसणाऱ्याची उंची कमी, ट्रकवाल्याला वरून दिसत नाही. पहाटेची वेळ नुसती रहदारीसाठी नव्हे. कण्याला इजा झाली की इजेच्या खालच्या भागाला बहुधा घाम येत नाही, अंग थंड राखण्याची यंत्रणाच मंदावते. वर मान मोडलेली असेल तर धोका अधिकच. आपल्या वैशाखात अकरा वाजता असा माणूस बाहेर काढणे हा खेळ नव्हे. पाण्याची बाटली प्यायला एक आणि अंगावर शिंपडायला एक, असा त्यांच्याकडे नियम आहे. दुसरा नियम बैठकीचा. खाली संवेदना नसल्याने टोचलेले, घासलेले कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून चांगली गादी आणि घरी आल्यावर कातडी तपासणे, हे ब्रेक तपासण्याइतकेच आवश्यक. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टना विचारूनच सुरुवात करावी. पण विचारावे जरूर.

अडचणी आहेत, नाही असे नाही. शर्यतीची हातसायकल काही लाखांच्या घरात जाते. आपल्याकडे नव्या कल्पना येत आहेत त्या बहुतेक विजेच्या बाजूने. मद्रास आयआयटीतून निघालेल्या निओमोशनने २०२० साली व्हीलचेअरला जोडायचे मोटारीचे चाक बाजारात आणले. लांब अंतरावरच्या कामधंद्याला जाणाऱ्यांचा त्यामुळे मोठाच खोळंबा टळतो. मोटार हवीच. पण मोटार पोहोचवते, दमवत नाही. आणि ज्याच्या शरीराला दमण्याची गरज आहे त्याला हाताचे चाकही हवे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू पहिल्यांदाच उतरले. अर्शद शेख आणि आपल्या भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया. दोघेही दोनचाकी सायकलीच्या गटात. हातसायकलीच्या गटात भारताचे नाव यायचे आहे. मनगटे आणि दंड आपल्याकडे आहेत. वर्षानुवर्षे जड तीनचाक्या ओढून कमावलेले आहेत. गिअरची, मापाची सायकल नाही.

कायदा मात्र ह्या बाबतीत आपल्या पुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिक्षण आणि नोकरी तर आहेच, पण २९ वे कलम करमणुकीबद्दल आणि ३० वे कलम खेळाबद्दल आहे. माझ्या पिढीतल्या बँकवाल्याला ही दोन कलमे वाचताना मौज वाटते. इतरांच्या बरोबरीने करमणुकीत भाग घेणे हा आता कृपेचा विषय नाही, हक्काचा आहे. सरकारी योजनांच्या यादीत हातसायकल आली, जिल्हा रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागात टेबलावरचे हाताचे पायटे आले, एखाद्या क्रीडासंकुलात आठवड्यातून दोन सकाळी चार हातसायकली भाड्याने मिळू लागल्या, तर ह्या कलमांना अंग येईल. ह्यातले काहीही फार खर्चाचे नाही. एखाद्या चौकातल्या सुशोभीकरणाच्या कारंज्यात हे सगळे बसते.

आणि सरकारची वाट न पाहता करण्याजोगे एक काम तुमच्याआमच्या हातात आहे. आज रविवार. आपल्यापैकी पुष्कळजण सकाळी बागेत किंवा जॉगिंग ट्रॅकवर जाऊन आले असतील. तिथल्या फाटकाकडे लक्ष द्या. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून वाटेत लोखंडी खांब रोवलेले असतात, किंवा एका वेळी एकच माणूस अंग चोरून जाईल असे फिरते फाटक असते. मोटारसायकल त्यातूनही कुठूनतरी आत येतेच. तीनचाकी आणि व्हीलचेअर मात्र बाहेर राहते. गावातली बिनरहदारीची, सपाट, झाडांची सावली असलेली, सगळ्यांत सुरक्षित अशी जी वाट, तीच नेमकी ह्यांना बंद. म्हणून माझ्या मित्राच्या मुलाला ट्रकच्या रस्त्यावर केशरी फडके लावून जावे लागते.

पुढच्या खेपेला जाताना घरातली मोजपट्टी खिशात टाका. दोन खांबांमधली मोकळी जागा मोजा. नव्वद सेंटीमीटर भरली तर उत्तम. कमी भरली तर बागेच्या चौकीदाराशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसते. वॉर्ड ऑफिसात एक साधा अर्ज द्या, खांबांचे माप लिहा आणि पोच घ्यायला विसरू नका.